आगट्यांनी स्वतःचा फोटो काढला

दिनकर आगटे माणसाला नमस्कार करण्याआधी त्याची हनुवटी पाहत. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात भेटले की म्हणत, "हनुवटी खाली. हां. आता बोला." समोरचा मुकाट्याने हनुवटी खाली घेई आणि मगच बोलणं सुरू होई. सगळं आयुष्य त्यांनी पासपोर्ट आकाराचे फोटो काढले होते. स्टुडिओ बंद झाला, पण सवय चालू राहिली. कोपऱ्यावरच्या भाजीवालीला त्यांनी एकदा सांगितलं, "डावा खांदा वर येतोय."

"त्याच हातात तराजू हाय काका."

"मग हात बदला."

फोटोत फेरफार त्यांना चालत नसे. स्थळांना पाठवायचा फोटो काढायला एक मुलगी आईबरोबर आली होती. गालावरचा तीळ तेवढा पुसून द्या, अशी आईची विनंती होती. आगटे म्हणाले, "तीळ तिचा आहे. मी कोण पुसणार?" टकलावर थोडी सावली मागणाऱ्या एका हेडमास्तरांना त्यांनी टोपी घालून यायला सांगितलं. गिऱ्हाइकं कमी होत गेली, याचं आश्चर्य फक्त आगट्यांना वाटलं.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर आमच्या शेजारी त्यांची एक खोली होती, दहा फूट बाय आठ, कोपऱ्यातल्या मोरीसकट. आत कोणी आलेलं त्यांना खपत नसे. दिवाळीचा फराळही ते उंबऱ्यावरच घेत आणि रिकामं ताट तिथूनच परत करत. त्यामुळे एका सकाळी जुन्या बाजारातली लोखंडी कॉट हमालाने वर आणली, तेव्हा मजल्यावरची सगळी दारं उघडली.

"पेइंग गेस्ट ठेवताय की काय?" समोरच्या बाईंनी विचारलं.

"तुम्ही येताय?" आगटे म्हणाले. समोरचं दार बंद झालं.

संध्याकाळी ते आमच्याकडे आले. मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो.

"तुमच्या फोटोग्राफरकडे वाइड अँगल लेन्स असेल."

"आहे. व्यासपीठावरचे सगळे पुढारी एका चौकटीत बसवायला वापरतो."

"एक दिवस हवी. कॅमेऱ्यासकट. खोलीचा फोटो काढायचाय. मी आत असलेला."

कारण बार्शीला होतं. तिथे त्यांची थोरली बहीण, कुसुमताई, राहत होती. आई गेल्यावर आगट्यांना तिनेच वाढवलं होतं. आता यजमान गेल्यावर ती दिराच्या मुलाकडे होती आणि पडवीत झोपत होती. आगटे तिला पुण्याला बोलवत. ती दर वेळी म्हणे, तुझ्या एवढ्याशा खोलीत मी कुठे मावणार?

"यायचं नाही म्हणाली असती, तर मी गप्प बसलो असतो," आगटे म्हणाले. "ती मावत नाही म्हणते."

"पण आगटे, त्या लेन्समधून खोली आहे त्याहून मोठी दिसेल. तुम्हाला चालेल?"

"चालेल," ते म्हणाले. "मापं विचारली तर खरी सांगेन."

मी फोटो काढून देतो म्हटलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुम्ही आत आलात की खोली भरली."

रविवारी त्यांची ट्रंक, स्टोव्ह, पाण्याचं पिंप आणि दोरीवरचे कपडे आमच्या गॅलरीत आले.

"हे कायमचं का?" बायकोने स्वयंपाकघरातून मला विचारलं.

"फोटोपुरतं," आगटे बाहेरून म्हणाले.

कॅमेऱ्याची तिपाई मोरीत उभी राहिली. मी दाराबाहेर. टायमर दाबल्यावर मिळायचे दहा सेकंद, आणि तेवढ्यात सत्तरीच्या आगट्यांना लेंगा सावरत स्वतःची जुनी आणि ही नवी अशा दोन कॉटी ओलांडून पलीकडे पोचायचं होतं. पुन्हा पुन्हा ते गेले. आतून कॉट करकरल्याचा आणि "अरे देवा" असा आवाज येत राहिला.

दोन दिवसांनी प्रिंट हाती आल्या. पहिलीत त्यांची पाठ होती आणि एक पाय हवेत. दुसरीत ते दमून लेन्सजवळच थांबलेले. नाक बाकीच्या चेहऱ्याच्या बरंच पुढे आलेलं. "हे भरताचं वांगं कोणी आणलं?" त्यांनीच विचारलं. तिसरीत ते अगदी कडेला, कपाटाला चिकटून उभे होते. कडेला लेन्स सगळं ताणते, तसं त्यांचं डोकं ताणून नारळासारखं झालं होतं. मधोमध मात्र नवी कॉट, तिच्यावर इस्त्रीची चादर आणि उशी, आणि भोवती पंगत बसेल एवढी मोकळी जागा.

"थोडे आत सरकून पुन्हा काढा," मी म्हणालो. "चेहरा बिघडलाय."

"चेहरा तिने पाहिलाय. जागा पाहू दे."

तीच प्रिंट बार्शीला गेली. मजल्यावर फोन फक्त आमच्याकडे होता. आगटे येता-जाता रिसीव्हर उचलून कानाला लावत.

"बिघडलेला नाही ना?"

"तुम्ही सारखा उचलता, म्हणून लागत नसेल," बायको म्हणाली.

शेवटी फोन आला. ताई बार्शीहून इतक्या मोठ्याने बोलत होत्या की आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"दिनू, फोटो मिळाला. केवढी रे खोली! किती बाय किती?"

आगटे म्हणाले, "दहा बाय आठ."

"ठाऊक आहे मला. पाहून गेलेय मी. पण तू असा कपाटाला चिकटून का उभा आहेस? स्वतःच्या खोलीत?"

"मध्ये तुझी कॉट आहे."



"मला पडवीची सवय झालीय रे."

"मला होत नाही," आगटे म्हणाले.

ताईंचा आवाज आला, या वेळी बराच हळू. "येते. पण कॉट भिंतीला लाव आधी. दोन माणसांनी जेवायचं कुठे?"

फोन ठेवून आगट्यांनी मला हाताने आपल्या खोलीत बोलावलं. एका बाजूने त्यांनी धरलं, एका बाजूने मी, आणि कॉट भिंतीला लागली. मध्ये जेमतेम फरशीची एक पट्टी मोकळी झाली. ते मांडी घालून खाली बसले.

"बसा समोर."

मी बसलो. "गुडघे लागतात, आगटे."

त्यांनी आमच्या गुडघ्यांकडे नीट पाहिलं.

"ताईचे नाही लागणार," ते म्हणाले. "ती बुटकी आहे."