हसायची चोरी

ताडपत्रीच्या दुकानाच्या मालकानं एका सकाळी दात घासता घासता ठरवून टाकलं, की काय वाटेल ते होवो, बायकोला हसवायचंच. (दात घासताना माणसानं निर्णय घेऊ नयेत. तोंडात फेस असतो आणि समोर आपल्याशी सहमत असणारा एकच माणूस असतो.)

निर्णय नुसता घरगुती नव्हता, धंद्याचाही होता. ताडपत्री ही काही कुणी हौसेनं घ्यायची वस्तू नव्हे. छप्पर गळतंय, गोदामातला माल भिजलाय, असा वैतागलेला माणूस दुकानाची पायरी चढतो. त्याला आधी एक किस्सा ऐकवून हसवायचं आणि मग माल उलगडायचा, ही दुकानदाराची पद्धत. आणि प्रत्येक नवा किस्सा आधी सकाळच्या चहाला बायकोपुढे ठेवायचा, ही त्याहून पक्की पद्धत. ती पोट धरून हसली, की किस्सा दुकानात जायचा. नुसती हसली, तर डागडुजीला. "हं" म्हणाली, की कायमचा बाद.

पण बाळ आठ महिन्यांचं झालं होतं आणि माहेराहून परतल्यापासून, म्हणजे गेले पाचेक महिने, बायको हसलीच नव्हती. किस्सा रंगात आला, की ती ओठ घट्ट मिटायची, पायावर पाय चढवायची आणि "थांबा जरा" म्हणत उठून जायची. एकदा तर उरलेला किस्सा त्यानं बाथरूमच्या बंद दाराला सांगितला.

"ऐकू येतंय ना गं?"

आतून नळ पूर्ण सोडल्याचा आवाज आला. उत्तर म्हणून ते पुरेसं स्पष्ट होतं.

परिणामी दुकानात न तपासलेला माल जाऊ लागला. टकलावरचा एक झकास किस्सा त्यानं अशा गिऱ्हाइकाला सांगितला, की ज्यानं शेवटच्या वाक्याला शांतपणे डोक्यावरची टोपी काढली आणि समोरच्या दुकानात निघून गेला.

तेवढ्यावर भागलं असतं. पण त्याच आठवड्यात बायको म्हणाली, "मी शाळा सोडते."

ती भूगोल शिकवायची. बारा वर्षं शिकवत होती आणि जीव ओतून शिकवत होती. रजा पुढच्या महिन्यात संपत होती.

"सोडते? का?"

"बाळाला कोण बघणार?"

"आई आहे की."

"नको वाटतं," एवढंच बोलून ती दुपट्यांच्या घड्या घालत बसली. एकाच दुपट्याची तिनं तीनदा घडी घातली.

दुकानदारानं हिशेब मांडला. हसणारी बायको हरवली होती, आता शिकवणारीही चालली. मन खचलंय बिचारीचं, असं निदान त्यानं केलं आणि औषधही स्वतःच ठरवलं: रविवारी तिचा वाढदिवस आणि वाढदिवसाला मामा.

मामा म्हणजे नकलांचा कारखाना. त्यांच्या एका नकलेपायी नुकतंच ऑपरेशन झालेल्या एका गृहस्थाचे टाके उसवले होते, असं मामा स्वतः अभिमानानं सांगत.

रविवारी केक कापून झाला. बायको म्हणाली, "मी इथे दाराजवळच बसते."

"छे! आज तुझा मान. तू आत बस." त्यानं तिला सोफ्याच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात बसवलं, पुढे टेबल सरकवलं आणि टेबलाला लागून मामांची खुर्ची ठेवली. (दुकानातली युक्ती. गिऱ्हाइकाला आत बसवावं. उठून जायला तीन माणसांची माफी मागावी लागते, त्यापेक्षा माल घेणं सोपं पडतं.)

मामांनी नक्कल काढली ती भाच्याचीच. बाळ पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाची. मामांनी उशी उचलली, ताडपत्रीच्या गुंडाळीसारखी खांद्यावर टाकली, अंगठ्यानं तिची जाडी चाचपली आणि नर्सला अगदी भाच्याच्या आवाजात विचारलं, "सिस्टर, धुतल्यावर रंग जात नाही ना?"

बायकोचे ओठ थरथरले. चेहरा लालबुंद झाला.

"आली, आली! मामा, आणखी!" दुकानदार टाळ्या पिटत ओरडला.

"मामा, बास ना हो," ती कशीबशी म्हणाली.

"बास कसं? अजून हा बाळाला उन्हात वाळत घालतो ते राहिलंय!"

आणि ती फुटली. पाच महिन्यांचं साठलेलं हसू एकदम बाहेर पडलं, खणखणीत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दुकानदाराला वाटलं, जिंकलो. त्याच क्षणी तिचा चेहरा पडला. तिनं टेबलावरचा पाण्याचा जग उचलला आणि कुंडीतल्या रोपाला घालावं तसा, सावकाश, स्वतःच्या मांडीवर ओतला.

मामांनी उशी खाली ठेवली.

"अरेच्चा, जग सांडला वाटतं," मामा म्हणाले.

इथं शहाण्या माणसानं टॉवेल आणला असता. पण कुठलाही ओलावा दिसला, की दुकानदाराच्या अंगात त्याचा धंदा संचारे. बायको उठताच त्यानं सोफ्याची गादी उचलली, उलटी केली, खालून वास घ्यायला नाक जवळ नेलं आणि जाहीर केलं, "चमत्कारिक आहे हं. जगातलं पाणी पुढे सांडलंय, पण ही गादी तर त्याच्याआधीच..."

"तोंड बंद कर!" आई कडाडली. "आणि फडकं आण स्वयंपाकघरातून. दादा, तू बाळाला घेऊन गॅलरीत जा. हो, आत्ता. नक्कल नको."

आतल्या खोलीत बायको पलंगाच्या कडेला पाठमोरी बसली होती. दुकानदार फडकं हातात घेऊनच दारात उभा राहिला. फडकं कुणाला द्यायचं ते त्याला सुचेना.

"सांडलं नव्हतं," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "झालं होतं. बाळंतपणापासून असंच आहे. शिंकले तरी, खोकले तरी, बाळाला उचललं तरी. आणि सगळ्यात जास्त तुमच्या किश्श्यांना."

"म्हणजे किस्से आवडत होते?" दुकानदाराच्या तोंडून निघून गेलं. (त्याचं त्यालाच नंतर तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.)

"अहो, मी काय सांगतेय? शाळेत तास पंचेचाळीस मिनिटांचा. नकाशा टांगायला हात वर केला, खडूची धूळ नाकात गेली, शिंक आली, तर? समोर चाळीस पोरं! त्या वयाची पोरं असलं काही वर्षभर विसरत नाहीत. पाणी प्यायचं सोडलंय मी सकाळपासून दुपारपर्यंत. आणखी काय सोडू? शेवटी शाळाच."

दुकानदार हेलावला. मनापासून हेलावला. म्हणून मनापासून म्हणाला, "आपल्याकडे नवीन वॉटरप्रूफ अस्तर आलंय. एकदम पातळ, आवाजसुद्धा होत नाही..."

उशी त्याच्या नाकावर बसली. नेम चांगला होता.

"अगं, बाळंतपणानंतर व्हायचंच ते," आई मागून आत येत म्हणाली. "सवय होते. मला नाही का, हा झाल्यापासून आहे."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे छत्तीस वर्षं?" दुकानदार म्हणाला.

"असतील."

"तू घरातून निघताना दारातून तीनदा परत येतेस, गॅस बंद केला का बघायला..."

"गॅस बंदच असतो रे."

"आणि बाजारात प्रत्येक दुकानात आधी विचारतेस, आत जाऊ का म्हणून..."

"सगळ्या बाजारातल्या संडासांची मला माहिती आहे. तुझ्या दुकानातला सगळ्यात वाईट."

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू? तुझ्या बाबांना? त्यांनी गिऱ्हाइकांना किस्सा म्हणून ऐकवलं असतं."

दुकानदार पलंगावर बसला. रोज गळक्या छपराची माणसं त्याच्याकडे येत आणि तो त्यांना कळकळीनं सांगे, की ताडपत्री ही तात्पुरती, छप्पर मात्र दुरुस्त करून घ्या. आणि घरात दोन बायका पोटात दुखणं ठेवून मूग गिळून बसल्या होत्या आणि तो किस्से सांगत होता.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," तो म्हणाला. "दोघींनी."

"मी कशाला?" आई म्हणाली. "मी बाळाला धरायला येईन हवं तर."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, लघवीची तपासणी करून घेतली, जंतुसंसर्ग नाही अशी खात्री केली आणि वरच्या मजल्यावर फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिच्या टेबलावर कमरेच्या हाडांचा प्लास्टिकचा नमुना होता. तिनं तो उलटा केला.

"हे बघा, ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, आतडी, सगळं तिच्यावर पेललेलं. नऊ महिने वजन आणि मग बाळंतपण, त्यानं ती ताणली जाते, सैल पडते."

दुकानदार खुर्चीच्या टोकावर आला. "म्हणजे चारी कोपऱ्यांना बांधलेली ताडपत्री! वर पाणी साचलं की मधे लोंबते. तिला दोऱ्या आवळून..."

"बरोबर," बाई हसून म्हणाली. "फक्त या दोऱ्या ताईंनाच आवळाव्या लागतील. तुम्ही जरा गप्प राहिलात तर मी त्यांना शिकवते."

मग तिनं शिकवलं. वारा सरू नये म्हणून आवळतो, तसं आत आणि वर ओढायचं. पाचपर्यंत मोजायचं. मग पूर्ण सोडायचं, सोडणंही तितकंच महत्त्वाचं. श्वास रोखायचा नाही. दहा वेळा, दिवसातून तीनदा. शिंक येतेय असं वाटलं, की आधीच आवळून धरायचं. पाणी मुळीच तोडायचं नाही आणि लघवी करताना मधेच अडवून सराव करायचा नाही.

"फरक पडायला तीनेक महिने लागतात. नेटानं करा. बऱ्याच जणींना होतं हे. पण बऱ्याच जणींना होतं म्हणून ते सोसायचं असतं, असं नाही."

कोपऱ्यात बाळाला थोपटत असलेल्या आईनं घसा खाकरला. "आणि समजा... कुणाचं छत्तीस वर्षांचं जुनं असेल तर?"

फिजिओथेरपिस्ट उठली आणि तिनं दुसरी खुर्ची पुढे ओढली. "या आजी. बसा. बाळ यांच्याकडे द्या."

घरी चहाच्या टेबलावर तिघांचा वर्ग सुरू झाला. हे स्नायू पुरुषांनाही असतात असं कळल्यावर दुकानदारानं मागे राहायचं नाकारलं.

"अहो, भुवया खाली घ्या!" बायको ओरडायची. "खांदे कशाला उचलताय? आणि श्वास घ्या, निळे पडलात!"

दुकानातही तो करायचा. गिऱ्हाइकानं भाव विचारला, की छताकडे बघत मनात पाच मोजायचा. निम्मी गिऱ्हाइकं त्या गंभीर शांततेला घाबरून घासाघीस न करता माल नेत, उरलेली "शेठ, पाणी देऊ का?" विचारत.

बायकोनं रजा दोन महिने वाढवून घेतली. राजीनाम्याचा कागद लिहिलेला होता, तो तिनं एका सोमवारी बाळाच्या खेळण्यांत टाकला आणि बाळानं त्याचा योग्य तो निकाल लावला. मग ती शाळेत गेली. संध्याकाळी दुकानदार दारातच उभा.

"कसं झालं?"

"शिंकले. दोनदा. नकाशा टांगताना."

"मग?"

"मग काय, वाळवंटं शिकवली." आणि पायातल्या चपला काढता काढता ती हळूच म्हणाली, "अजून कधीमधी होतं थोडंसं. पण आता घाबरत नाही मी."

दुकानदारानं तिच्या चपला उचलून कोपऱ्यात नीट लावल्या. रविवारी सकाळी त्यानं महिनोन् महिने राखून ठेवलेला आपला सर्वोत्तम किस्सा काढला. बायको आपण होऊन भिंतीकडच्या कोपऱ्यात बसली. आईनंही खुर्ची पुढे घेतली. तो रंगात आला, हातवारे केले, शेवटचं वाक्य टाकलं आणि थांबला.

आईनं बायकोकडे पाहिलं, बायकोनं कपाकडे.

"हस की गं मोकळेपणानं. आता कसली चोरी?"

"चोरी कसली? आता शेवटपर्यंत बसून ऐकता येतं ना, म्हणून लक्षात आलं," बायको मृदूपणे म्हणाली. "किस्सा बरा नाही हो."

"मला तुझ्या लग्नाआधीपासून शंका होती," आई म्हणाली. "पण मला आपलं उठून जायला निमित्त होतं."

दुकानदाराचं तोंड जे उतरलं, ते पाहून दोघींचा बांध फुटला. टेबलावर हात आपटत, एकमेकींच्या अंगावर रेलत त्या हसल्या. एकही जागची उठली नाही. त्या खिदळण्यानं बाळ दचकून रडायला लागलं आणि दोघींना तर सवड नव्हती, म्हणून दुकानदारानंच त्याला मांडीवर घेतलं. बाळानं त्याच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, रडं थांबवलं आणि तेही खुदकन हसलं.

दुकानदाराची मांडी गरम गरम भिजली. बाळाला अजून कुणी काही शिकवलेलं नव्हतं.