निफाडला पॅरिसची पर्स

पर्स कोणत्या मापाची घ्यावी, हे अख्ख्या नाशकात मला सोडून कुणालाच कळत नाही! २००३ साली माझा धाकटा दीर दिनेश कंपनीच्या कामासाठी पॅरिसला निघाला. तिथल्या मोठ्या नावांच्या पर्सा मी मासिकात पाहिलेल्या. माझी पाच वर्षांची भिशी त्याच्या हातावर ठेवली, आणि ब्लाउजचं माप देतात तसा वर्तमानपत्राचा कागद कापून पाकिटात घातला. रुमाल, कंगवा आणि चष्मा मावेल, एवढीच पर्स!

दिनेशनं आणलेली पर्स सोफ्यावर ठेवली, तर माणसाला बसायला जागा उरली नाही.

"वहिनी, कागदाला लावून घेतलीय हो!" दिनेश रडकुंडीला आला. आमचे हे पेपरात तोंड खुपसून बसले होते.

पण मी हार मानणारी नाही! दिवाळीत माझी भावजय मनाली हिनं नाशिकच्या मेन रोडवरून घेतलेली पर्स माझ्या नाकासमोर नाचवली होती. तिला उत्तर द्यायचंच होतं. रविवारी पर्स खांद्याला अडकवून मी माहेरची, म्हणजे निफाडची एसटी धरली.

"बाई, बॅग टपावर टाका," कंडक्टर म्हणाला.

"पर्स आहे ती!"

"मग आम्ही बसू का टपावर?"

मी पर्स मांडीवर घेतली. निफाडपर्यंत मला समोरचं काही दिसलं नाही.

दारात आईनं पर्सकडे पाहिलं, माझ्यामागे जावई दिसतात का ते पाहिलं, आणि पदर डोळ्याला लावला.

"आशे, काय म्हणले गं जावई?"

"काही नाही. पर्स दाखवायला आले."

"लय सोसलं माझ्या लेकीनं! अजून बी नवऱ्याचं नाव घेत नाय!"

मनाली बाहेर आली. "ताई, राहा हवं तितकं. आमची काही हरकत नाही." हरकत तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती!

"अहो, ही पर्स आहे!" मी ओरडले आणि चेन ओढून सगळ्यांना आत डोकावायला लावलं. पार तळाशी रुमाल, कंगवा आणि चष्मा पडले होते.

"नेसत्या लुगड्यानिशी निघाली ओ पोर!" आईनं हंबरडाच फोडला.

वडिलांनी, म्हणजे नानांनी नाशिकला फोन लावला. "जावईबापू, असाल तसे या!"

दीड तासात हे स्कूटरवरून आले. हेल्मेटही काढू न देता नानांनी विचारलं, "काय केलं तुम्ही? खरं सांगा."

यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पर्सकडे.

"चुकलो मामा. हिचा कागद मीच बदलला. एवढ्या लांबून आणायची तर चांगली ऐसपैस आणावी, माझा डबा आणि छत्रीही मावेल, म्हणून पेपरचं अख्खं पान दिलं दिनेशला."

"बास? एवढंच?" नाना म्हणाले.

"एवढंच?" मी किंचाळले. "आता मी खरंच राहते! आठ दिवस येत नाही, जा!"

आणि राहिले! माझं माप चुकलं नव्हतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. फक्त दहा साड्या मावतील अशा पर्समध्ये मी एकही घातली नव्हती. आईची पडली नऊवारी, मला ती नेसता येत नाही. म्हणून आठ दिवस मनालीच्या साड्या नेसाव्या लागल्या.

ती रोज सकाळी साडी हातात घेऊन विचारायची, "ताई, आधी पर्समध्ये नीट बघितलंत ना?"