पाच लाख दहा हजार पाचशे दहा

आमचे घरमालक नारायणदादा कुणाला ‘कसा हायस’ असं विचारत नाहीत. जिन्यात गाठलं की पहिला प्रश्न, “आज कुठला आकडा आनलास?”

मी बंदराजवळ द्रोणागिरीला गोदामात कामाला. कंटेनरवर सहा आकडी नंबर असतात. त्यातला एक पाठ करून संध्याकाळी सुकापूरला घरी आणायचा. हिंगोलीहून आठवी सोडून आलेल्या, ओळखपाळख नसलेल्या मला दादांनी अकरा महिन्यांच्या करारावर खोली दिली. त्यापुढं एक आकडा म्हणजे काय!

आकडा ऐकला की दादा पायरीवर बसतात आणि डोळे मिटून त्याला एकेका आकड्यानं भागायला लागतात. नीट भाग गेला की “पंगत बसली!” म्हणून मांडीवर थाप. एकदा नंबरप्लेट बघून रिक्षावाल्याला म्हणाले, “तुजी गाडी तेरानं जाते.” तो म्हणाला, “काका, सीएनजीवर जाते.”

त्यांचा लाडका आकडा मात्र एकच. पाच लाख दहा हजार पाचशे दहा. “दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा. यातली कंची पन पंगत बसव, सगल्यांना सारका वाटा! आमच्या घरात असा आकडा पायजे व्हता.” जमिनीच्या वाटण्या झाल्या आणि धाकटा भाऊ बोलायचा बंद झाला, एवढं शेजाऱ्यांकडून मला कळलं होतं.

माझा करार संपत आला, तेव्हा दादांचा मुलगा पुण्याहून आला आणि म्हणाला, “खोली बहुतेक लागेल आम्हाला.” दादा मात्र रोजच्यासारखा आकडाच विचारत राहिले. नेमका त्याच आठवड्यात गेटवर कंटेनर आला, ५१०५११. शेवटी शून्य सांगून दादांना खूश करावं असं फार वाटलं, पण जिन्यात तोंडातून खरं तेच निघालं.

दादांनी दोननं भागलं, एक उरला. तीननं, एक. पाचनं, सातनं, थेट सतरापर्यंत तेच.

“सगले जेवाया बसले, नि ह्यो एक दारात हुबा.”

मी विचारलं, “दादा, खोली कधी सोडू?”

“थांब की! मदीच काय खोली?” ओठ हलत राहिले. मग डोळे उघडले. “एकोनीस! एकोनीसनं जातो. पंगत वाडवली का बसतो, बग.”

“आणि खोली?”

“पोराला कदीच सांगितलं, माजा मानूस जानार नाय. तुला सांगायचं रायलं. चल वर, मासली हाय, मांदेली तललीत.”

वर ओट्यावर एकच ताट, एकच वाटी. दुसरं ताट काही सापडेना. शेवटी दादा स्टुलावर चढले आणि माळ्यावरून एक जुनं स्टीलचं ताट काढलं. काठावर धाकट्या भावाचं नाव कोरलेलं होतं. त्यांनी ते सदऱ्याच्या टोकानं पुसलं, माझ्यापुढं ठेवलं आणि मांदेली वाढायला घेतली.