कल्याणप्पांची गाडी पुढे सरकेना, त्या मोहिमेची हकीकत

भूमनगरीतील बसस्टँडासमोरच्या टपरीवर नित्य बैठक करणाऱ्या मातबरांनी या मोहिमेची नाना तऱ्हेची खबर फैलावली. कोणी म्हणे गाडीस बाधा जाहली, कोणी म्हणे म्हाताऱ्यास चालविता येईना. ऐसा खोटानाटा गैरवाका मुलखात पसरला, सबब जे घडले ते जैसे घडले तैसे येथे नमूद केले असे. पदरचे तिखटमीठ पडले असल्यास ते चवीपुरतेच जाणावे.

भूम मुक्कामी राजश्री कल्याणप्पा, तहसील कचेरीतले निवृत्त अव्वल कारकून, नांदत होते. उमर सत्तरीची, मिजास विशीची. पूर्वी कचेरीच्या जिन्यावरून पडोन डाव्या गुडघ्यात लोखंडी पट्टी बैसली, तेणेकरून क्लच दाबणे तयांस मना जाहले, आणि मग पुण्याहून एक जुनी पांढरी व्हॅन आणविली, जीस क्लच म्हणोन नाही, गिअर आपले आपण बदलते. दांडी एकच, आणि तिची ठाणी चार: उभे राहण्याचे, मागे जाण्याचे, मोकळे आणि पुढे जाण्याचे. त्या दिवसापासोन कल्याणप्पा पुनरपि स्वार जाहले. दर सोमवारी सौभाग्यवती द्वारकाबाईंस शेजारी बैसवोन येडशीस रामलिंगाच्या दर्शनास जावे, वाटेत गरम भजी हाणावी आणि घरी येवोन चिरंजिवांपुढे साफ नाकबूल व्हावे, ऐसा परिपाठ पडला. गाडी म्हणजे तयांचे तख्तच. ती गेली तर चिरंजीव दिग्विजय यांच्या मोटारसायकलीवर पाठीमागे पोत्यासारखे बैसोन हिंडणे नशिबी येणार, या विचारानेच तयांच्या अंगावर काटा उभा राही.

दसरा सरला, दिवाळी तोंडावर आली, आणि ऐन आठवडी बाजारात घात जाहला. कल्याणप्पांनी कांद्याच्या ढिगाशेजारी गाडी सुरू करोन दांडी पुढच्या ठाण्यावर आणिली, आणि इंजिनाने मोठी डरकाळी फोडिली, आणि गाडी तसूभर हलली नाही. मग बहुत खटपट केली, रामलिंगाचे नाव घेतले, कंपनीच्या नावाने शिमगा केला, व्यर्थ. अखेर दांडी मागच्या ठाण्यावर टाकिली, तो काय आश्चर्य! गाडी निमूटपणे मागे चालली. म्हणजे फौज पिछेहाटीस राजी आणि आगेकुचीस नाराज, ऐसा प्रसंग गुदरला.

मग कल्याणप्पांनी मसलत केली की, घर गाठणे तर आहेच, तरी मागल्या मागेच गाठावे. द्वारकाबाई मागील काचेशी बैसोन कंडक्टरकी करू लागल्या, "या, या, या... थांबा! म्हैस हाय!" आणि मेथीवाली ओरडली, "आप्पा, तोंड तिकडं हाय वो गाडीचं!" आणि अवघ्या बाजाराने शिट्ट्या मारिल्या. कल्याणप्पांची मान आखडली, कान लाल जाहले, परंतु एकही टोपली न चिरडता गाडी दारी आणिली. ऐशी शिस्तीची पिछेहाट भूमच्या बाजाराने पूर्वी पाहिली नव्हती.

मग गावचे तीन मिस्त्री तपासणीस आले. हयात सारी क्लचवाल्या गाड्यांत गेलेली, या जातीच्या गाडीशी तयांची ओळख ती काय? एकाने टायरास लाथ मारोन पाहिली, दुसऱ्याने बॉनेट उघडोन सुस्कारा टाकिला, तिसऱ्याने नुसते डोके खाजविले, आणि तिघांनी एकमते निवाडा दिधला की गिअरबॉक्सातील प्लेटा जळाल्या, आता आशा नाही.

हे ऐकोन चिरंजीव दिग्विजय यांणी फर्मान काढिले की, पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारपावेतो गाडी पुढे चालली तर चालली, न चालली तर तेरखेड्याचे बिराप्पा भंगारवाले टेंपो घेवोन येतील आणि ओढोन नेतील, आणि आप्पांनी या वयात गाडी चालविणे पुरे करावे. सूनबाई राजी, शेजारी राजी. एकट्या द्वारकाबाई पदर खोचोन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गाडी जायची न्हाय. ह्यांचा पाय हाय त्यो." कल्याणप्पा चष्मा पुसायच्या निमित्ताने अंगणात गेले आणि बराच वेळ पुसत राहिले.

मुदतीच्या दिवशी सकाळी येडशीहून कुमक आली, तीही एस.टी.ने. बलभीम मिस्त्री, पुण्यास वीस वर्षे या जातीच्या गाड्या उलगडोन आलेला असामी, खांद्यास पिशवी, बोलणे बेताचे. तयाने टायरास लाथ मारिली नाही, सुस्कारा टाकिला नाही. इंजिन सुरू करविले, चांगले तापू दिधले, आणि ते चालू असतानाच गिअरच्या तेलाची पट्टी ओढोन काढिली. तेल लाल, पातळी बरोबर. मग पट्टी नाकाशी नेली.

"जळलं असतं तर करपट वास आला असता, आप्पा. हे तर ताजं हाय."

कल्याणप्पांच्या जिवात जीव आला. मग बलभीमाने दांडी एकेका ठाण्यावर नेवोन चक्रामागील फळीवरचे ठाण्यांचे दिवे पाहिले. तीन ठाण्यांचे दिवे लागले, चौथ्याचा, पुढे जाण्याचा, लागेना.

"ह्यो कवापासून लागंना?"

"बाजारच्या दिवसापासून," कल्याणप्पा ओशाळोन म्हणाले, "मला वाटलं बल्ब गेला."

बलभीमाने कपाळास हात लाविला. मग गाडीचे पुढचे अंग जॅकवर घेवोन, खाली टेकू म्हणोन मजबूत घोड्या लावोन, तो पोटाखाली शिरला, आणि दांडीपासोन गिअरबॉक्साकडे जाणारी तार सोडविली, आणि बॉक्सावरील खटका आपल्या हाते पुढच्या ठाण्यावर लोटिला, आणि दूर सरोन कल्याणप्पांस इंजिन सुरू करण्याची इशारत दिधली. तो पुढली चाके गरगरा फिरली. पुढच्या दिशेने फिरली!

"बॉक्स शाबूत हाय!" बलभीमाने बाजूने ललकारी दिधली. "दांडी पुरी पोचतच न्हाय आप्पा, मधीच आडती. भानगड वर हाय, दांडीच्या बुडात."

इतक्यात बिराप्पांचा टेंपो गल्लीत शिरला. द्वारकाबाई चहाच्या मिषाने तयांस पडवीत अडवोन बैसल्या आणि एकावर एक कप पाजू लागल्या. इकडे बलभीमाने दांडीभोवतीचे झाकण चार स्क्रू काढोन उचलिले, आणि दोघेही आत पाहत राहिले.

दांडी जीत सरकते त्या फटीच्या ऐन टोकाशी, जेथे पुढे जाण्याचे ठाणे, तेथे लाल गोळा दगडासारखा घट्ट बैसला होता. कुंकू, नारळाचे पाणी आणि अक्षता. द्वारकाबाईंचे मत ऐसे की अवघी गाडी या एका दांडीवर चालते, सबब दर खंडेनवमीस बॉनेटास एक चिमूट आणि दांडीस ओंजळभर. नऊ वर्षांच्या नऊ ओंजळी तेथे साचल्या, आणि यंदाची भरीस पडोन, बाजारापर्यंत वाळोन, वाट बंद जाहली.

कल्याणप्पांस प्रथम हसू फुटले. मग पडवीतून आवाज आला, "अजून एक कप घ्या की बिराप्पा, गाडी कुठं पळून चालली?" आणि तयांनी हसू आवरिले. ज्या बाईने एकटीने गाडी राखिली तिनेच ती अडविली, हे तीस कोण्या तोंडाने सांगावे? मग कल्याणप्पांनी गोळा फोडोन अक्षता सदऱ्याच्या खिशात टाकिल्या आणि मोठ्याने जाहीर केले, "उंदीर! उंदरानं बीळ केलं होतं!"

बलभीमाने एकवार खिशाकडे, एकवार पडवीकडे पाहिले. "व्हय, उंदीरच," तो म्हणाला. "लई माजलेत औंदा."

मग फट साफ केली, तार जोडिली, गाडी भुईस टेकविली, आणि बारास दहा मिनिटे कमी असता कल्याणप्पांनी दांडी ओढिली, आणि चौथा दिवा लागला, आणि पांढरी गाडी फाटक ओलांडोन, बिराप्पांच्या टेंपोस वळसा घालोन, भर गल्लीतून पुढे चालती जाहली. दिग्विजय यांणी फर्मान मागे घेतले आणि तेरखेड्याच्या फटाक्यांची एक लड आपल्या हाते लाविली. बिराप्पा पाचवा कप ठेवोन रिकाम्या टेंपोनिशी परतले.

पाडव्याच्या प्रातःकाळी कल्याणप्पा पाटावर बैसले. द्वारकाबाईंनी कुंकू लाविले, ओवाळिले, आणि मग तबकातली अक्षतांची चिमूट तशीच ठेवोन कमरेची पुरचुंडी सोडिली. आत जुन्या, लाल, कडक अक्षता.

"काल सदरा धुवायला काढला," त्या म्हणाल्या. "तुमचा उंदीर कुंकू लावून हिंडतो व्हय?"

द्वारकाबाईंचे डोळे भरले होते आणि ओठ हसत होते. तयांनी ती पुरचुंडी अवघी पतीच्या डोईवर रिती केली.

"दांडीचा वाटा आता हितं. हितं काय आडत न्हाय."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. गाडी पुढे चालते, मागेही चालते. सोमवारी उभयता येडशीस गेली, भजी खाल्ली, आणि घरी येवोन नाकबूल जाहली, हे येथे नोंदिले असे.