पैलवान जेवत नाही

मंगळवार पेठेतल्या कृष्णात चौगुलेच्या घरात गेले पाच दिवस एका प्राण्याची जेवणासाठी मनधरणी चालली होती, आणि तो प्राणी पहिल्यांदाच कृष्णात नव्हता.

या प्राण्याचं वजन पावणेतीन किलो. मुलगी प्रेरणा पुण्याला नोकरीला लागली, तिथल्या हॉस्टेलवर कुत्री चालत नव्हती, म्हणून तिनं हे कापसाच्या बोळ्याएवढं कुत्रं आईबापाच्या पदरात टाकलं. तिनं ठेवलेलं इंग्रजी नाव गल्लीच्या तोंडी बसेना. गल्लीनं कुत्र्याकडं एकदा नीट पाहिलं आणि त्याला ‘पैलवान’ म्हणायला सुरुवात केली.

पैलवानाला स्वतःच्या भांड्याचं वावडं होतं. कृष्णात एका हातात घास आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन जेवायला बसला, की हा हळूच येऊन त्याच्या ताटाच्या कडेची भाकरी उचलायचा. पोट भरायची तेवढीच जागा. तीच भाकरी त्याच्या भांड्यात घालून घरादारानं ‘खा रं बाळा’ म्हटलं, की हलका आहेर बघून व्याही जसं तोंड करतात तसं तोंड करून तो निघून जायचा.

एरवी कृष्णातला याचं काही सोयरसुतक नव्हतं. पण शुक्रवारी त्याला गोव्याला जायचं होतं. दहावी ‘ब’च्या अकरा मित्रांनी तीस वर्षांनी एकत्र यायचं ठरवलं होतं. तीस वर्षांचा स्नेह कोल्हापुरात मावत नाही, त्याला समुद्रच लागतो. कृष्णात दूध संघाच्या कचेरीत होता, म्हणून घरी या सहलीचं नाव ‘दूध संघाचा आणंदचा अभ्यासदौरा’ असं होतं. सगळं जमून आलं होतं, तेवढ्यात बायकोनं, वर्षाराणीनं, पाचर मारली.

“अवो, तुमच्या ताटाबिगर ते खात न्हाय. तुम्ही चार दिस तिकडं म्हशी बघत बसणार, आन् हितं ते उपाशी मेलं तर लेकीला तोंड कोण दावणार? आधी त्याला भांड्यात खायला शिकवा, मग जावा कुठं जायचं तिकडं.”

मंगळवारी कृष्णात कुत्र्यामांजरांच्या सामानाच्या दुकानात गेला. मालक शशिधर गंभीर चेहऱ्याचा माणूस होता.

“कुत्रं कुठल्या जातीचं, पावणं?”

“हट्टी.”

“मग ह्ये न्या.” शशिधरनं हाडकाचं चित्र काढलेलं एक भांडं पुढं केलं. “ताटातलं एकदम बंद करायचं. भांडं ठिवायचं, धा मिनटं वाट बघायची, न्हाय खाल्लं तर उचलायचं. पण समोरनं हलायचं न्हाय बरं का! न्हायतर मांजर खाऊन जाईल, आन् तुमास्नी वाटंल ह्यानंच खाल्लं.”

सल्ला फुकट मिळाला होता, म्हणून कृष्णातनं तो तंतोतंत पाळला. घरातली तिन्ही माणसं भांड्याभोवती बसू लागली. वर्षाराणी चुचकारायची, कृष्णात डोळे वटारायचा आणि त्याची आई शालूबाई जपमाळ ओढत शांतपणे बघत राहायच्या. पैलवान एकेकाच्या तोंडाकडं बघायचा आणि सोफ्याखाली जायचा. कृष्णातला स्वतःचं जेवण गच्चीवर, दाराला कडी लावून उरकावं लागलं. घरात कुत्रं उपाशी आणि मालक चोरासारखा जेवतोय, अशी त्या अभ्यासक्रमाची प्रगती होती. बुधवारी प्रेरणानं व्हिडिओ कॉलवर कुत्र्याचं उतरलेलं तोंड पाहिलं आणि रडून घेतलं. बापाच्या तोंडाकडं तिनं पाहिलं नाही.

बुधवारी संध्याकाळी शालूबाईंनी जपमाळ खाली ठेवली.

“किसना, ह्ये कुत्र्याचं काम न्हवं. ह्ये तुझ्या बाचं काम हाय.”

“आबांचं? आबांना जाऊन तीन वरसं झाली, आई.”

“तेच म्हंते मी. धाव्याला काय बोललातास?”

तीन वर्षांपूर्वी पंचगंगेच्या घाटावर आबांच्या दहाव्याच्या पिंडाला कावळा दोन तास शिवत नव्हता. ऊन तापलेलं, पाहुणे ताटकळलेले आणि कृष्णातच्या पोटात खड्डा पडलेला. शेवटी तो हात जोडून म्हणाला होता, “आबा, आईला दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला नेतो.” कावळा झपकन उतरला होता. त्यानंतर सदतीस पौर्णिमा आल्या आणि आपापल्या वाटेनं गेल्या.

“म्हणून आबा कुत्र्याच्या अंगात आले व्हय?”

“कावळ्यावर इस्वास ठिवलास की! मग कुत्र्यानं तुझं काय घोडं मारलंय?”

भाकरी-दूध कुस्करून भांडं मांडलं गेलं. तिघं हात जोडून उभे राहिले.

“आबा, आईला वाडीला नेतो. सवडीनं,” कृष्णात म्हणाला. एक डोळा मिटलेला, एक भांड्यावर. पैलवानानं जांभई दिली.

“दिवाळी झाली की नक्की नेतो.” पैलवानानं मागचा पाय उचलून कान खाजवला.

“डोळं मीट आदी!” शालूबाई कडाडल्या. “सबूद देताना एक डोळा उघडा ठिवतंय व्हय कोण? आन् दिवाळी कशाला? परवा शुक्रवारी पुनव हाय की.”

“शुक्रवारी मला आणंदला...”

“मग जा. कुत्रं मरू दे.”

कृष्णातनं मनात हिशेब केला. कावळ्याला सदतीस वेळा फसवलं तरी त्यानं काही वाकडं केलं नाही, मग हे पावणेतीन किलो काय करणार? शब्द द्यायचा, कुत्र्याला जेवू द्यायचं आणि शुक्रवारी पहाटे गाडीत बसायचं. त्यानं दोन्ही डोळे घट्ट मिटले. वर्षाराणीनं मिटले, शालूबाईंनीही मिटले.

“आबा, ह्या शुक्रवारी नेतो.”

मग चपचप, चपचप असा आवाज आला. डोळे उघडेपर्यंत पैलवान भांड्याचा तळ चाटत होता.

वर्षाराणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यावर थांबावं की नाही? तिनं शेजारच्या चिमणाबाईंना हाक मारली. चिमणाबाईंना कळलं म्हणजे पेठेला कळलं. अर्ध्या तासात बायका पैलवानाच्या पाया पडायला आल्या आणि जाताना प्रत्येकीनं कृष्णातला विचारलं, “शुक्रवारी कितीला निघताय मग?” गुरुवारी दाढी करताना न्हाव्यानंही तेच विचारलं, आणि तेव्हा वस्तरा गळ्यावर होता.

शुक्रवारी दुपारी दर्शन घेऊन मायलेक वाडीच्या घाटावर बसले होते. समोर बासुंदीच्या दोन वाट्या होत्या. शालूबाईंची कधीच संपली होती. कृष्णातच्या मोबाईलवर दहावी ‘ब’ समुद्रात डुंबत असल्याचे फोटो येत होते. त्यात मध्येच वर्षाराणीचा फोन आला.

“अवो, चमत्कार! भांडं भरून ठिवलं आन् धुणं वाळत घालाय माडीवर गेलतो. येऊन बघतो तर भांडं लख्ख!”

“मांजरानं खाल्लं असंल.”

“दार लावून गेलतो की! त्याच्या मिशीला दूध हाय अजून.”

कृष्णातनं फोन ठेवला. मग एकदम वळला.

“आई, ते कुणी बघत नसलं की खातंय!”

“मग? पयल्याच दिशी ठावं हुतं मला. तू मोबाईलात तोंड घालून बसलास की बिनघोर खायाचं बिचारं. तुझा बा बी तसाच. कुणी ताटाकडं टक लावून बसलं की उठून जायाचा.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

“सांगितलं असतं तर तू गेला असतास की म्हशी बघाय.” शालूबाईंनी पदरानं ओठ पुसले. “आणंदला समुद्र कवाधरनं आला रं, किसना? तुझ्या ब्यागंत फुलाफुलाच्या तीन चड्ड्या घावल्या मला.”

कृष्णातचे कान तापले. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, “म्हणजे त्यो घाटावरचा कावळाबी असाच?”

“न्हाय,” शालूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा जरा ओला झाला. “त्यो खरा हुता. तुझ्या सबदाची किंमत तुझ्या बाला चांगली ठावं हुती. तरी त्यानं इस्वास ठिवला.”

आता मात्र कृष्णातला खरोखरच लाज वाटली. मोबाईल त्यानं खिशात घातला. बासुंदीची वाटी तशीच होती, चमचा धरायचंही त्याला सुचत नव्हतं.

“खा की,” शालूबाई म्हणाल्या. “मी न्हाय बघत.”

आणि त्यांनी तोंड नदीकडं फिरवलं. वाटीत चमचा हळूहळू वाजू लागला. तो थांबल्यावर, मान न वळवताच, त्या म्हणाल्या,

“फुडली पुनव आयतवारी हाय. कचेरीला सुट्टीच असतीया तुझ्या.”