बांध फुटण्याआधी ओरडलेली टिटवी

एका जंगलात, बाळांनो, राजाच्या परवानगीने एक खाण चालत असे. घुशी डोंगर पोखरून चकाकणारे दगड काढत. दगड धुतल्यावर उरलेला विषारी गाळ मातीच्या बांधामागे साठवत. बांधाखाली नदी होती. नदीकाठच्या बिळात पाणमांजरी आपल्या तीन पिल्लांसह राहत असे.

बांधावर लक्ष ठेवायला टिटवीची नेमणूक झाली. तिचा आवाज कोसभर जातो, हीच तिची पात्रता. रुजू होताच तिला पहिली सूचना मिळाली : ओरडायचे नाही. जनावरे घाबरतात. असेल ते छापील फॉर्मवर, तीन प्रतींत कळवायचे.

टिटवीने तीन पावसाळे लिहूनच कळवले. मग एके दुपारी तिला बांधाला भेग दिसली. भेगेतून गाळ पाझरत होता. ती खाणीच्या मुख्याकडे, घूसरावांकडे, धावली.

"साहेब, बांध फुटतोय!"

"फुटला का?"

"अजून नाही. पण तासाभरात फुटेल."

"मग घटना कुठे आहे, टिटवीबाई?" घूसराव मिशा पुसत म्हणाले. "फॉर्मवर पहिला रकाना घटनेच्या वेळेचा. तो कोरा चालत नाही. फुटला की या. मी इथेच आहे."

"खाली पाणमांजरीची पोरं खेळताहेत हो!"

"त्यांचा रकाना नाही."

टिटवी बांधावर परतली. भेग आणखी रुंदावली होती. खाली तिन्ही पिल्ले एका खेकड्याला छळत होती. टिटवीने नोकरीचा विचार केला. नोकरीबरोबर मिळालेल्या टेकाडावरच्या घराचाही केला. मग चोच उघडली आणि तीन वर्षांचे तुंबलेले सगळे एकदम ओरडली.

ससा पळाला, साळिंदर पळाले. पाणमांजरीने पिल्लांना मानगुटीला धरून एकेक करत टेकडीवर नेले. तिसरे वर पोचले आणि बांध फुटला. नदी राखाडी झाली.

चौकशीला राजधानीहून बगळेसाहेब आले. पांढरेशुभ्र. पायांना गाळ लागू नये म्हणून त्यांनी पाणी तपासले ते खाणीच्या वरच्या अंगाला, झऱ्यापाशी. ते उत्तम निघाले. मासे साक्षीला आले नाहीत. त्यांच्यापुढे 'गैरहजर' असा शेरा पडला.

"आधी काय झाले?" साहेबांनी पाणमांजरीला विचारले. "बांध फुटला की टिटवी ओरडली?"

"आधी टिटवीताई ओरडल्या," पाणमांजरी गहिवरून म्हणाली. "मग फुटला. म्हणून तर माझी पोरं..."

"तेवढे पुरे. इथे पंजा उमटवा."

सशाने तेच सांगितले. साळिंदरानेही. खोटे कोणीच बोलले नाही.

अहवाल आला : 'टिटवीच्या कर्कश ओरडण्याने हादरा बसून बांध फुटला. क्रमाबाबत सर्व साक्षीदारांचे एकमत आहे.' टिटवीची नोकरी गेली. घरही गेले.

पाणमांजरी भेटायला आली. "ताई, माझं काही चुकलं का हो? मी खरं तेच सांगितलं."

"अगदी खरं सांगितलंस गं बाई. पोरं कशी आहेत?"

"मजेत. पोहायला नदी नाही म्हणून डोकं खातात."

"खाऊ देत," टिटवी म्हणाली.

बांध पुन्हा बांधला गेला. त्यावर आता कासव नेमले आहे. भेग दिसली की ते मान आत घेते. त्याच्या कामावर वरिष्ठ अतिशय खूश आहेत.

तात्पर्य : धोक्याची सूचना अवश्य द्यावी, पण धोका उरकल्यावर द्यावी. आधी दिली की चौकशी समितीला अपघाताचे कारण सापडते.