उघड्या डोळ्यांचे बुद्ध

बायजाकाकीने मूर्तीच्या पापण्यांवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. शेजारच्या मूर्तीच्या पापण्या चाचपल्या, त्याही गुळगुळीत. कारखान्याच्या मागच्या पडवीत डझनभर बुद्ध रंगून, वाळून, मांडी घालून बसले होते आणि एकालाही डोळे आखलेले नव्हते.

"गोविंदा, यांची आखणी कुणासाठी ठेवलीय रे?"

गोविंदा कोपऱ्यात साचा धुत होता. "मला काय ठाऊक? मी साचेवाला. मानेच्या वरचं तू आणि जनूशेठ बघा."

"जनू कुठं गेलाय?"

"पेंढा आणायला. बांधाबांध करायचीय ना. संध्याकाळच्या आत रिसॉर्टचा टेम्पो येतोय."

म्हणजे मूर्ती आजच जाणार, आणि त्याही डोळ्यांवाचून. बायजाकाकीच्या कपाळाला आठी पडली. पेणच्या रामवाडीतला हा गणपतीचा कारखाना तिच्या सासऱ्याचा. सासरा गेला, नवरा गेला, आता पुतण्या जनू मालक झाला, पण एक रीत कुणी मोडली नव्हती. डोळे आखल्याशिवाय मूर्ती उंबऱ्याबाहेर जात नाही. आणि लग्न होऊन आल्यापासून डोळे आखायचे ते बायजाकाकीनेच.

ही मागणी मात्र गणपतीची नव्हती. रोह्याजवळ, कुंडलिकेच्या काठी एक रिसॉर्ट नव्याने उघडत होतं. त्याचा मॅनेजर फोटो घेऊन आला होता. एक बुद्ध मालिशच्या खोलीत, एकाच्या मांडीत दिवा, एकाच्या खांद्यावरून पाणी ठिबकणार. गणपती गेल्यावर हाताला काम हवंच होतं, म्हणून जनूने होकार दिला. गोविंदाच्या हाताला जन्मभर गणपतीचीच सवय. त्याच्या पहिल्या बुद्धाचं पोट सुटलं. दुसऱ्याचंही सुटलं. तिसऱ्या वेळी जनू डोक्यावर उभा राहिला, तेव्हा गोविंदाने जड मनाने पोट कापलं.

तिथवर सगळं बायजाकाकीला माहीत होतं. पण डोळ्यांबद्दल जनू तिच्याशी चकार शब्द बोलला नव्हता. का बोलला नाही, हे तिला आता लख्ख कळलं. गेल्या गणपतीत एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं होतं. "आमचा गणपती आरतीच्या वेळी आमच्याकडं बघतच नाय, मोदकाच्या ताटाकडं बघतो." त्या दिवसापासून जनू कुणाशी तरी फोनवर बोलायचा. डोळ्यांचा म्हणे साचा मिळतो. तोंडावर ठेवायचा, वरून रंगाचा फवारा मारायचा, झालं काम.

"काकी, मोतीबिंदू असंल. एकदा दाखवून येऊ," असंही तो म्हणाला होता.

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? तुझ्या मिशीतला पांढरा केससुद्धा दिसतो मला इथून."

जनूला मिशी नव्हती.

'म्हणजे यांचे डोळे फवाऱ्यासाठी राखलेत तर,' बायजाकाकीने मनाशी ठरवलं. तिने पदर खोचला, काळ्या रंगाची वाटी घेतली, सगळ्यांत बारीक ब्रश घेतला आणि पहिल्या बुद्धासमोर बैठक मारली. अंगठ्याने पापणीची कड शोधायची आणि ब्रश ओढायचा. पापणी खाली झुकलेली आहे हे अंगठ्याला कळत होतं, पण साचा जरा चपटा आला असेल म्हणून तिने डोळा वर चढवून मोठा केला. कानाकडे निमुळता होत गेलेला, आत पांढरा ठिपका दिलेला, थेट गणपतीचा डोळा. जनूचा टेम्पो दारात येईपर्यंत डझनभर बुद्ध टक्क जागे झाले होते.

जनू पेंढ्याचा भारा घेऊन आत आला आणि भारा त्याच्या हातातून सुटला.

"काकी! हे काय केलंस?"

"तू करत नवतास ते."

"अगो, ते ध्यानाला बसलेत! त्यांचे डोळे मिटलेलेच पायजे होते!"

बायजाकाकीचा ब्रश हवेतच राहिला. "मग मला सांगायला तुझं तोंड कुणी धरलंवतं?"

जनू काय सांगणार? 'या वेळी डोळ्यांचं काम नाही' असं म्हटलं असतं तर काकीने साच्याची गोष्ट काढली असती, मग दोन दिवस अबोला, तिसऱ्या दिवशी भांडण. ते टाळायला तो गप्प राहिला होता. आता त्या गप्प राहण्याचे डझनभर साक्षीदार त्याच्याकडे टक लावून बघत होते.

तेवढ्यात रिसॉर्टचा मॅनेजर आला. पडवीच्या दारातच थबकला. एक पाऊल डावीकडे सरकला, मग उजवीकडे.

"हे माझ्याकडे बघतायत."

"सगळ्यांकडंच बघतात साहेब," गोविंदा म्हणाला. "काकीचा हातच तसा हाय."

"अहो, गिऱ्हाईक माझ्याकडे शांत व्हायला येणार! टॉवेल गुंडाळून पालथं पडणार. जरा मान वर केली की समोर हा! आणि लेडीजच्या खोलीत तर..." मॅनेजरने वाक्य तिथंच सोडलं. "रविवारी उद्घाटन आहे. तोपर्यंत डोळे मिटवा. नाहीतर मी दुसरीकडून घेतो."

बांधाबांध राहिली बाजूला आणि डोळे मिटवायला सुरुवात झाली. पहिल्या बुद्धाचे डोळे जनूने टर्पेंटाइनने पुसले. काळा रंग गालांवरून ओघळला आणि बुद्ध ढसाढसा रडल्यासारखा दिसू लागला. दुसऱ्यावर त्याने पापण्यांचा रंग जाड थापला, तर खालचं काळं वर दिसायला लागलं. गोविंदा मान तिरपी करून म्हणाला, "डोळ्यांची साथ आलीय. याला वेगळा बसवा, बाकीच्यांना लागंल." तिसऱ्याला त्यांनी प्लास्टरच्या नव्या पापण्या बसवल्या. सकाळी बघतात तर एक पापणी गळून पडलेली. तो बुद्ध एक डोळा मिटून रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांकडे बघत होता. जनूने त्याला आधी भिंतीकडे तोंड करून बसवला, मग वरून गोणपाट टाकलं.

दुपारी मॅनेजरचा फोन आला. त्याला फायबरचे बुद्ध मिळाले होते. तयार, मिटलेले.

जनूने फोन खिशात ठेवला. ओरडला असता तर बायजाकाकीला बरं वाटलं असतं. पण तो हळूच म्हणाला, "काकी, तू लय वर्षं केलंस. सोमवारी तो साच्यावाला येतोय. आता आराम कर."

बायजाकाकी उठली. तिने ब्रश धुतला, पुसला आणि कंबरेला खोचला. मग न बिघडलेल्यांपैकी एक बुद्ध उचलून जुन्या लुगड्यात गुंडाळला.

"कुठं चाललीस?"

"रोह्याला. मॅनेजरकडं."

"त्याने नको म्हटलंय ना!"

"त्याला निजायच्या खोलीत नको असंल. बसायची खोली असंल की नाय त्याच्याकडं? तिथं तर माणसं डोळे उघडे ठेवून बसत असतील!"

गोविंदा म्हणाला, "शेठ, यात दम हाय." जनूने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा साचा धुवायला गेला.

रोह्याच्या गाडीत बायजाकाकीने बुद्ध मांडीवर घेतला. लुगडं घसरलं आणि त्याचं तोंड उघडं पडलं. समोरच्या बाकावर एक बाई वालाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन बसली होती. थोडा वेळ तिने सहन केलं.

"गो बाय, तोंड झाक त्याचं. मघापासनं माझ्या शेंगांकडं बघतोय."

"त्याला काय करायच्यात तुझ्या शेंगा?"

"मला काय ठाऊक? पण नजर हलत नाय त्याची."

नागोठण्याला एक माणूस चढला. पांढरा सदरा, हातात बाजाराची पिशवी. बसायला म्हणून वळला आणि बुद्धाला बघून उभाच राहिला. पिशवी खाली ठेवून त्याने हात जोडले. नाव महिपती, राहणार निडी. तिथल्या बौद्धवाडीतल्या विहाराचं सगळं तोच बघायचा.

"ही मूर्ती कुणी केली?"

बायजाकाकीने मूर्ती छातीशी धरली. आता हा ओरडणार. ज्यांचा देव, त्यांचा हक्क. "धड गोविंदाने केलंय. डोळे मी. मिटलेले पायजे होते, मी उघडे केले. चुकलं ते चुकलं. काय बोलायचं ते बोल एकदाचं."

"कुणाला द्यायची होती?"

"रिसॉर्टला. मालिशच्या खोलीत ठेवायला."

महिपती हळूहळू खाली बसला. "आमी याच्यासमोर बसून वंदना म्हणतो. आणि यांनी त्याला टॉवेलांची राखण लावली!" मग तो पुढे वाकला. "पण तुमचं चुकलं असं कोण म्हणतं? बाबासाहेबांनी स्वतः बुद्धाचं चित्र काढलं होतं, ते उघड्या डोळ्यांचं. माणसाचं दुःख बघायचं तर डोळे मिटून कसं दिसंल? विहारासाठी अशी मूर्ती आमी कधीपासनं शोधतोय. दुकानात जावं तर मिटलेले. नायतर पोट धरून हसणारे. नायतर नुसतं मुंडकं, त्याच्यात झाड लावलेलं!"

"पोटवाले आमच्याकडं पण झालेवते दोन," बायजाकाकी म्हणाली. "पण पोट कापलं."

ती मग कारखान्याची रीत सांगू लागली, तो विहाराचं सांगू लागला. शेंगावाली बाई मधे पडली. "दादा, निडीला उतरायचं होतं ना? निडी गेलं."

दोघंही रोह्याला उतरले. फलाटावर लख्ख ऊन होतं. महिपतीने मूर्ती बाकावर ठेवली, दोन पावलं मागे गेला आणि बराच वेळ बघत राहिला.

"एक सांगू? रागवू नका."

"सांग."

"उजवा डोळा माझ्याकडं बघतोय. डावा कोलाडकडं."

"ऊन तिरपं हाय."

महिपतीने मूर्ती जरा फिरवली. "आता डावा माझ्याकडं. आणि उजवा पेणला."

बायजाकाकी वाकली. नाक मूर्तीच्या नाकाला लागेपर्यंत वाकली. पापणीची कड अंगठ्याला बरोबर लागत होती. पण रंग कुठं संपतो आणि ऊन कुठं सुरू होतं, ते काही केल्या कळेना. तिला मोदकाकडे बघणारा तो गणपती आठवला. ती बाकावर बुद्धाच्या शेजारी बसली. आता तिघांपैकी कोण कुणाकडे बघतंय हे सांगणं कठीण होतं.

"दोन्ही डोळे एकाच माणसाकडं लागायला पायजेत म्हणतोस?"

"माणसं समोर बसतात ना, बाय. ज्याला त्याला वाटायला पायजे, माझ्याकडं बघतोय."

"मग साचा लावून फवारा मारून घे. सरळ येतील."

"फवाऱ्याचे नकोत. तुमच्या हातचेच पायजेत, फक्त सरळ पायजेत. बुद्धपौर्णिमेला मांडायचीय. आमी थांबतो. बाकीच्यांना पण गिऱ्हाईक मिळंल, आमच्या लोकांना मी सांगतो."

बायजाकाकीने बुद्ध पुन्हा लुगड्यात गुंडाळला. रिसॉर्टला जाणारी रिक्षा समोरच उभी होती. रिक्षावाल्याने हाकही मारली. तिने तिकडे बघितलं नाही.

"महिपती, इथं रोह्यात ते डोळ्यांचं शिबिर कुठं भरतं रे?"

मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी जनू आणि गोविंदा तिला बघायला आले. खाटेवर बायजाकाकी ताठ बसली होती. मांडी घातलेली, हात मांडीत एकावर एक. एका डोळ्यावर पट्टी आणि दुसरा तिने आपण होऊन मिटून घेतलेला. मान हलवू नका असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून पापणीसुद्धा हलवायची नाही असं तिने ठरवलं होतं. चेहऱ्यावर कसलीच घाई नव्हती.

गोविंदा जनूच्या कानाशी लागला. "शेठ, मॅनेजरला फोन लावा. त्याला पायजे होता तसा तयार झालाय."

"गोविंदा," मूर्ती बोलली, "माझे डोळे बांधलेत, कान नाय."

जनू खाटेच्या कडेला टेकला. "काकी, महिपती कारखान्यात येऊन गेला. साच्यावाल्याला नको म्हणून कळवलंय. पडवीतले सगळे वाट बघतायत. एकाचेपण सरळ नायत." खिशातून त्याने बारीक ब्रश काढला आणि तिच्या हातात दिला. "तू घरी उशाखाली विसरून आलीवतीस."

तेवढ्यात नर्स आली आणि तिने पट्टी सोडली. बायजाकाकीने आधी डोळा किलकिला केला, मग पूर्ण उघडला. भिंत बघितली. खिडकी बघितली. ब्रशचा एकेक केस बघितला. मग तिची नजर पुतण्याच्या तोंडावर येऊन थांबली आणि तिथंच राहिली.

"जनू, मिशी कधी काढलीस रे?"

जनूने ओठावरून हात फिरवला.

"परवाच, काकी," तो म्हणाला.